‘पावनखिंड’ १९५६ मध्येच पडद्यावर आली होती, आणि ती आणणारे होते भालजी पेंढारकर

जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव आहे. तिथून जवळच जांब. समर्थ रामदासांचं हे जन्मगाव, म्हणून आता सगळे त्याला जांब समर्थच म्हणतात. शिवाजी महाराजांच्या निधनानंतर समर्थांनी संभाजीराजांना लिहिलेलं पत्र सगळ्यांना ऐकून माहीत असतं. समर्थांचे तीन शब्द तर सभेच्या बॅनरपासून व्हॉट्सअॅप स्टेटसपर्यंत कुठंही सापडतात: मराठा तितुका मेळवावा.

हेच तीन शब्द १९६४ मध्ये सिनेमाच्या पोस्टरवर आले. त्या सिनेमाचे दिग्दर्शक होते कोल्हापूरचे भालजी पेंढारकर.

जालन्याशी भालजींचा आणखी एक धागा आहे आणि तो जरा मजेशीर आहे. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी जालना लुटलं. जालना तेव्हा मुघलांच्या ताब्यातली श्रीमंत पेठ होती. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण उगीच नाही पडली. चार दिवस लूट चालली. परत जाताना संगमनेरच्या बाजूला रणमस्तखानाच्या मुघल फौजेनं मराठ्यांना गाठलं. तिथल्या लढाईत सिधोजी निंबाळकर पडले. मागून मुघलांची आणखी कुमक येत होती, सोबत लुटीचं ओझं होतं आणि नेहमीची वाट बंद झालेली. अशा वेळी बहिर्जी नाईक यांनी आडवाटेनं फौज बाहेर काढली आणि पट्टा किल्ल्यावर नेऊन पोचवली. महाराज तिथं विसावले म्हणून पट्ट्याचं नाव विश्रामगड पडलं. ही त्यांची शेवटची मोठी मोहीम. एप्रिल १६८० मध्ये महाराज गेले.

या बहिर्जी नाईकांवर १९४३ मध्ये सिनेमा निघाला. दिग्दर्शक पुन्हा भालजीच.

आज शिवकाळावरचा सिनेमा म्हटला की ‘फर्जंद’, ‘पावनखिंड’, ‘तान्हाजी’, ‘छावा’ ही नावं पटकन तोंडावर येतात. पण नेताजी पालकर, बहिर्जी नाईक, बाजीप्रभूंची खिंड आणि खुद्द छत्रपती शिवाजी हे सगळे विषय एका माणसानं कितीतरी आधी हाताळले होते. त्यासाठी त्यानं कर्ज काढलं, स्वतःचा स्टुडिओ जळताना पाहिला, पुन्हा उभा केला आणि शेवटी तो हातातून जाताना बघितला. त्याची ही गोष्ट.

समुराईचं इथं काय काम?

जपानमध्ये ऐतिहासिक काळात घडणाऱ्या सिनेमाला ‘जिदाईगेकी’ म्हणतात. त्यातला तलवारबाजीचा, गल्ला भरणारा प्रकार म्हणजे ‘चांबारा’. तलवारीवर तलवार आपटल्याचा आवाज या शब्दातच आहे. आपल्याकडे बहुतेकांना यातला एकच दिग्दर्शक माहीत असतो, अकिरा कुरोसावा. त्यांचा ‘सेव्हन समुराई’ १९५४ चा. गावाला लुटारूंपासून वाचवायला भाड्यानं लढवय्ये आणायचे ही त्याची गोष्ट. ती हॉलिवूडला गेली आणि फिरत फिरत ‘शोले’पर्यंत पोचली.

पण जपानमधला रोजचा, साधा प्रेक्षक फक्त कुरोसावांवर जगत नव्हता. हिरोशी इनागाकी हे तिथलं मोठं नाव. त्यांनी मियामोतो मुसाशी या तलवारबाजावर १९५४ ते १९५६ या काळात तीन सिनेमे काढले. पहिल्याला परदेशी चित्रपटासाठीचा ऑस्करही मिळाला. केंजी मिसुमी यांनी १९६२ मध्ये झातोईची हा आंधळा तलवारबाज पडद्यावर आणला आणि पुढं त्याच्या सिनेमांची रांगच लागली. या दिग्दर्शकांचं काम सोपं भासतं, पण आहे अवघड. प्रेक्षकाला शेवट आधीच माहीत असतो. नायक कोण, गद्दार कोण, खिंडीत कोण पडणार, सगळं ठाऊक. तरी त्याला खुर्चीवर धरून ठेवायचं.

मराठीत हे काम भालजींनी केलं. क्योटो हे जपानच्या तलवारपटांचं माहेरघर, तसं आपल्याकडं कोल्हापूर.

‘केसरी’, पलटण आणि मग सिनेमा

भालचंद्र गोपाळ पेंढारकर हे पूर्ण नाव. जन्म कोल्हापूरचा, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीचा. घरातच सिनेमा होता असं म्हणायला हरकत नाही. थोरले भाऊ बाबूराव पेंढारकर पुढं मराठी पडद्यावरचे गाजलेले खलनायक झाले. मास्टर विनायक घरातलेच आणि व्ही. शांताराम नात्यातले. पण भालजी थेट सिनेमात आले नाहीत. पुण्यात काही काळ ‘केसरी’त नोकरी केली, मग सैन्यात मराठा पलटणीत गेले. नाटकं लिहिली. टिळकांचं वर्तमानपत्र आणि पलटणीची शिस्त या दोन्हींचा रंग त्यांच्या सिनेमावर शेवटपर्यंत राहिला.

तेव्हाचं कोल्हापूर बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं भारलेलं होतं. पेंटरांचा ‘सिंहगड’ १९२३ चा. सिनेमात गड-किल्ले आणि मावळे आणायची वाट त्यांनी पाडली, यात वाद नाही. भालजी त्या वाटेवरचे पुढचे.

मूकपटांच्या काळात भालजींचं नाव ‘वंदे मातरम् आश्रम’मुळं गाजलं. इंग्रजांच्या शिक्षणपद्धतीवर टीका करणारा हा सिनेमा सेन्सॉरच्या कात्रीत सापडला. तेव्हा ‘स्वराज्य’ हा शब्दसुद्धा अवघड जायचा. शांतारामबापूंनी शिवाजी महाराजांवर केलेल्या सिनेमाचं नाव ‘स्वराज्याचं तोरण’ होतं. ते बदलावं लागलं आणि १९३० मध्ये तो ‘उदयकाल’ या नावानं आला. इतिहासपट म्हणजे निव्वळ करमणूक नाही, हे सरकारला चांगलं कळत होतं.

बोलपट आले आणि भालजींना मोठं यश मिळालं ते मात्र इतिहासात नाही, पुराणात. १९३२ चा ‘श्यामसुंदर’. कृष्ण झाले होते शाहू मोडक, राधा शांता आपटे. दोघंही नवे. हा सिनेमा मुंबईत वेस्ट एंड थिएटरात २५ आठवड्यांच्या वर चालला. आज तीन आठवडे टिकला तरी सक्सेस पार्टी होते, म्हणून हा आकडा लक्षात ठेवायचा. ‘आकाशवाणी’, ‘कालियामर्दन’, ‘कान्होपात्रा’, ‘राजा गोपीचंद’ हे त्यानंतरचे.

घोडे उधळले

१९३९ मध्ये ‘नेताजी पालकर’ आला. इथून भालजींचा खरा सूर लागला.

नेताजी पालकर हे नाट्याला खतपाणी घालणारं पात्र. लोक त्यांना प्रतिशिवाजी म्हणत. पुढं ते मुघलांकडं गेले, औरंगजेबानं त्यांचं धर्मांतर केलं, आणि बऱ्याच वर्षांनी ते स्वराज्यात परत आले. भालजींना अशीच माणसं आवडायची. त्यांच्या सिनेमांची यादी पाहिली तर एक गोष्ट दिसते: नावात राजे कमी, राजांची माणसं जास्त. नेताजी. बहिर्जी. थोरातांची कमळा, मोहित्यांची मंजुळा. महाराज मध्यभागी असतात, पण गोष्ट आजूबाजूच्यांची असते. ही युक्ती साधी आहे आणि फार परिणामकारक. प्रेक्षकातला शेतकरी स्वतःला महाराजांच्या जागी बघत नाही. तो स्वतःला मावळ्याच्या जागी बघतो. आज ‘फर्जंद’ किंवा ‘सुभेदार’ ज्या वाटेनं जातात ती हीच.

दुसरी जमेची बाजू म्हणजे कोल्हापूर स्वतः. संस्थानामुळं घोडे होते, तालमींमुळं पैलवान गडी होते आणि पन्हाळा तर वीस किलोमीटरवर. खरा गड, खरी माती, खरा घोडा. क्योटोत जुने वाडे आणि देवळं होती म्हणून समुराईपट तिथं वाढले. कोल्हापूरचं गणित तसंच होतं.

‘बहिर्जी नाईक’ बनला तो काळ तर कठीणच. दुसरं महायुद्ध सुरू होतं. कच्च्या फिल्मची टंचाई होती आणि सिनेमा ११ हजार फुटांपेक्षा लांब नको असं सरकारचं फर्मान होतं. बाहेर ‘चले जाव’ची धग अजून विझली नव्हती. अशा वेळी परक्या सत्तेच्या नाकाखालून माहिती काढणाऱ्या हेराची गोष्ट पडद्यावर दाखवली, तर बघणाऱ्याला वेगळं समजावून सांगायची गरजच नव्हती. या सिनेमात तरुण शिवाजीराजांचं काम करणारा मुलगा पुढं मराठीचा मोठा नायक झाला: सूर्यकांत मांढरे.

माणसं घडवायची त्यांची हातोटी ही वेगळीच गोष्ट. सूर्यकांतचे थोरले बंधू चंद्रकांत भालजींच्याच सिनेमांतून नायक म्हणून मोठे झाले. सुलोचनाबाई ‘सासुरवास’मधून पुढं आल्या आणि ‘सुलोचना’ हे नावही त्यांना भालजींनीच दिलं. हिंदीत आईच्या भूमिका करून देशभर पोचलेल्या सुलोचनाबाईंची सुरुवात ही अशी कोल्हापूरची. पृथ्वीराज कपूर १९४४ मध्ये ‘महारथी कर्ण’साठी आले. १९४६ च्या ‘वाल्मीकी’त त्यांच्यासोबत एक कोवळा पोरगा नारद झाला होता. तो राज कपूर. आणखी पुढं, १९६९ मध्ये, ‘तांबडी माती’तून दादा कोंडके पहिल्यांदा पडद्यावर आले ते पण भालजींकडेच.

पण इतिहास खरा किती?

हा प्रश्न आजच्या प्रत्येक शिवकालीन सिनेमाला विचारला जातो. भालजींनाही विचारायला हवा.

१९४१ चा ‘थोरातांची कमळा’ घ्या. चंद्रकांत त्यात युवराज संभाजी होते. युवराज आणि थोरातांची मुलगी कमळा यांचं प्रेम, अशी कथा. सिनेमा लोकांना आवडला. अडचण एकच, या कमळेला इतिहासात भक्कम आधार नाही. ती दंतकथेतून आणि जुन्या नाटकांतून आलेली. त्या काळी संभाजीराजे म्हणजे शूर पण रंगेल, वाट चुकलेला राजपुत्र, अशी प्रतिमा रंगभूमीनं आणि कादंबऱ्यांनी पक्की केली होती. सिनेमानं तिला चेहरा दिला. चित्र बदललं ते पुढं, वा. सी. बेंद्रे यांच्या संशोधनामुळं. चाळीसएक वर्षं कागदपत्रं धुंडाळून त्यांनी १९६० मध्ये संभाजी महाराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं आणि जुने समज एकेक करून मोडीत काढले. २०२५ मध्ये ‘छावा’ बघून रडत बाहेर पडलेल्या प्रेक्षकाला १९४१ चा पडद्यावरचा संभाजी दाखवला तर तो ओळखणार नाही, कदाचित चिडेलही.

यात भालजींची बाजू घेता येते, पण पूर्ण नाही. जपानमध्येही मुसाशीबाबत हेच झालं. इनागाकींचे सिनेमे एइजी योशिकावा यांच्या कादंबरीवर बेतलेले. लोकांच्या मनातला मुसाशी हा कादंबरीतला मुसाशी आहे, खऱ्याबद्दल खात्रीनं सांगता येईल असं फार थोडं. लोकप्रिय सिनेमा लोकांना आधीच माहीत असलेली गोष्टच उचलतो. फक्त तिकडं मुसाशीच्या नावावर कुणी निवडणूक लढत नाही. इकडं पडद्यावरचा इतिहास घराघरात जातो, त्यामुळं चुकीचं वजन वाढतं. भालजींना शिवकाळाबद्दल अपार श्रद्धा होती, यात शंका नाही. पण श्रद्धा म्हणजे पुरावा नव्हे, आणि ‘कमळा’ हे त्याचं ठळक उदाहरण.

आग

कोल्हापुरात संस्थानाच्या आश्रयानं ‘कोल्हापूर सिनेटोन’ हा स्टुडिओ उभा राहिला होता. चाळीसच्या दशकात तो भालजींकडं आला आणि ‘जयप्रभा’ झाला. इथंच सेट लागायचे, इथंच तालमी व्हायच्या आणि कामगारांच्या चुलीही याच आवारावर पेटायच्या.

३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी नथुराम गोडसे ब्राह्मण होता. पश्चिम आणि दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं, दुकानं, वाडे पेटवायला सुरुवात झाली. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात तर जास्तच. भालजी ब्राह्मण होते, आणि हिंदुत्ववादी विचारांचे म्हणून ओळखलेही जात. जमावाला तेवढं पुरलं. जयप्रभा जळाला.

सेट, कपडेपट, सामान, सगळं गेलं. त्या वेळी काम चालू असलेला ‘मीठभाकर’ आगीत गेला. सिनेमावाल्यासाठी फिल्म जळणं म्हणजे शेतकऱ्याची मळणी झालेली रास पेटण्यासारखं. मेहनत झालेली, पैसा गुंतलेला, फक्त विकायचं बाकी, आणि हातात राख. विमा, बँक, सरकारी मदत असलं काही पाठीशी नव्हतं.

भालजींनी काय केलं? ‘मीठभाकर’ पुन्हा काढला. तोच सिनेमा, नव्यानं. १९४९ मध्ये तो थिएटरात आला. पाठोपाठ ‘शिलंगणाचं सोनं’, ‘मी दारू सोडली’, ‘शिवा रामोशी’. ज्या गावात स्टुडिओ जाळला त्याच गावात, त्याच जागेवर, पुन्हा उभा करून. मुंबईला जाऊन हिंदीत बस्तान बसवणं सोपं होतं. पृथ्वीराज कपूरसारखी माणसं ओळखीची होती. तरी ते कोल्हापुरातच थांबले. हा हट्ट शहाणपणाचा होता की नाही यावर वाद होऊ शकतो, कारण कर्जाचा डोंगर इथूनच वाढत गेला.

१९५२: खुद्द महाराज

इथं जपानची एक गोष्ट सांगायला हवी. युद्धात हरल्यावर जपान अमेरिकेच्या ताब्यात गेलं. धन्यासाठी जीव देणं, सूड घेणं असल्या सरंजामी गोष्टी सिनेमात नकोत असा नियम आला. तलवारपटांची जवळपास कोंडीच झाली. कुरोसावांनी १९४५ मध्ये केलेला एक सिनेमा थिएटरात यायला १९५२ उजाडलं, कारण त्याच वर्षी अमेरिकेचा ताबा संपला. त्यानंतर समुराईपटांचा पूर आला.

योगायोग असा की भालजींचा ‘छत्रपती शिवाजी’ पण १९५२ चाच. मराठी आणि हिंदी, दोन्ही भाषांत. महाराज झाले चंद्रकांत, मिर्झाराजे जयसिंग झाले पृथ्वीराज कपूर, संगीत सी. रामचंद्र यांचं. आता सेन्सॉरला ‘स्वराज्य’ शब्दाची भीती नव्हती. इतकी वर्षं आडून सांगावी लागलेली गोष्ट सरळ सांगता येत होती. पुढच्या एका पिढीच्या डोळ्यांसमोर महाराज म्हणून चंद्रकांत उभे राहायचे ते याच सिनेमामुळं.

१९५६ मध्ये ‘पावनखिंड’ केला. घोडखिंडीतली ती लढाई १३ जुलै १६६० ची. पन्हाळा, खिंड, विशाळगड, तिन्ही कोल्हापूर जिल्ह्यातच. म्हणजे भालजींच्या अंगणातलीच गोष्ट.

पण साल बघा. जपानमध्ये तोई, दाइएई या कंपन्या पन्नाशीच्या दशकात ऐतिहासिक सिनेमे कारखान्यासारखे काढत होत्या. त्यांच्याकडं स्वतःची थिएटरं होती, पगारी नट होते, एक सिनेमा पडला तर दुसरा सावरून घ्यायचा. इकडं भालजी एकटे. लेखक तेच, दिग्दर्शक तेच, ‘योगेश’ नावानं गाणी लिहिणारेही तेच आणि सावकाराला उत्तर देणारेही तेच. घोड्यांना चारा रोज लागतो, शूटिंग असो वा नसो. त्यात मराठी प्रेक्षकाची आवड बदलली. १९५९ मध्ये अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्यात विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. आता सगळ्यांना तमाशापट हवा होता. ढोलकी आणि फडाला घोडदळापेक्षा खर्चही कमी.

जयप्रभा भालजींच्या हातून निसटला तो याच सुमारास. १९५९ मध्ये तो विकत घेतला लता मंगेशकर यांनी.

लताबाई आणि ‘आनंदघन’

मालकी गेली तरी भालजी तिथंच काम करत राहिले. मंगेशकर आणि पेंढारकर यांचं नातं कोल्हापूरच्या दिवसांपासूनचं, आणि लताबाई त्यांना वडीलधाऱ्यांच्या ठिकाणी मानत. याच नात्यातून मराठी संगीतातलं एक गोड गुपित जन्माला आलं.

‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४), ‘साधी माणसं’ (१९६५) आणि ‘तांबडी माती’ (१९६९). या चारही सिनेमांना संगीत दिलं ‘आनंदघन’ या संगीतकारानं. चाली मातीतल्या, पोवाड्याच्या आणि ओवीच्या जवळच्या. हा आनंदघन कोण? ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार मिळाला आणि समारंभात संगीतकाराचं नाव पुकारलं, तेव्हा उलगडा झाला. आनंदघन म्हणजे लता मंगेशकर! त्यांनी या टोपणनावानं संगीत दिलं ते फक्त भालजींसाठी.

‘साधी माणसं’ हा भालजींचा सर्वांत चांगला सिनेमा आहे, आणि गंमत म्हणजे त्यात एकही तलवार उपसली जात नाही. गावातलं एक लोहार जोडपं, सूर्यकांत आणि जयश्री गडकर. शहरात जातात आणि तिथल्या लबाड माणसांच्या तावडीत सापडतात. ऐरण, भाता, घाम आणि संसार. इतिहासपटात मावळ्याच्या तोंडी असणारा इमान हा शब्द इथं उच्चारला जात नाही, नुसता दिसतो. या सिनेमाला मराठीसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९६९ मध्ये ‘तांबडी माती’लाही मिळाला. आयुष्यभर घोडे दौडवलेल्या दिग्दर्शकाला राष्ट्रीय मान मिळाला तो लोहाराच्या आणि मातीतल्या माणसांच्या गोष्टींसाठी. भालजींनी आत्मचरित्र लिहिलं तेव्हा नाव ठेवलं ‘साधा माणूस’.

१९८१ मध्ये ते पुन्हा शिवकाळाकडं वळले, ‘गनिमी कावा’ घेऊन. तोवर वय ऐंशीच्या पुढं गेलेलं. १९९१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना जाहीर झाला तेव्हा नव्वदी उलटली होती. २६ नोव्हेंबर १९९४ ला कोल्हापुरात त्यांचं निधन झालं.

काय उरलं?

मूकपट बघायचे म्हणाल तर अवघड आहे, भारतातले बहुतेक मूकपट कायमचे गेले. साठच्या दशकातले सिनेमे आणि गाणी मात्र यूट्यूबवर शोधली तर मिळतात. सुरुवात करायची तर ‘साधी माणसं’पासून करा, मग ‘मराठा तितुका मेळवावा’. लढाईची दृश्यं आजच्या व्हीएफएक्सच्या सवयीला साधी वाटतील. पण घोडा खरा आहे, पडणारा माणूसही खरा आहे, हे दिसत राहतं.

स्टुडिओचं काय झालं? क्योटोत तोई कंपनीनं १९७५ मध्ये आपल्या स्टुडिओचा काही भाग लोकांसाठी खुला केला. जुन्या काळचे रस्ते, वाडे, सेट बघायला तिथं आजही तिकीट काढून गर्दी होते. जयप्रभाच्या नशिबी हेरिटेज यादी आणि कोर्टकज्जे आले. जागा विकायची की जपायची यावर मालक आणि कोल्हापूरकर यांच्यात वर्षानुवर्षं ओढाताण चालली.

६ फेब्रुवारी २०२२ ला लताबाई गेल्या. त्यानंतर काही दिवसांतच जयप्रभाची जागा आधीच एका खासगी कंपनीला विकली गेल्याची बातमी फुटली. कोल्हापुरातले कलाकार, तंत्रज्ञ आणि साधे रसिक स्टुडिओच्या दारात आंदोलनाला बसले. त्याच महिन्यात, १८ फेब्रुवारीला, राज्यभरातल्या थिएटरांवर एका नव्या मराठी सिनेमाचे हाऊसफुल्लचे बोर्ड लागत होते. सिनेमाचं नाव होतं ‘पावनखिंड’.